चपलांची तोंडं रस्त्याकडे

आमचं गाव श्रीरामपूरच्या अलीकडं. आजोबांच्या वेळी घर ख्रिस्ती झालं, म्हणजे आजोबांनी बाप्तिस्मा घेतला आणि आजी म्हणाली, तुम्ही घ्या, मी आधी एक पावसाळा बघते तुमच्यात काही फरक पडतो का, मग ठरवते. असं वडील हसत सांगायचे. फरक पडला असावा, कारण आजीनं पुढं घेतला. तर अशा घरातला मी. नाव शांतवन, ते गाळू नका, लिहाच. एसटीत कंडक्टर होतो, आणि इथल्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, पंच, पाळकसाहेबांच्या खालोखाल ज्यांचं चालतं त्यातला एक. लोक उठून सलाम करायचे. पण तुम्ही माझं ऐकायला आलात आणि मी सांगणार आहे मार्थाचं. तिच्याबद्दल या गावात जे बोललं गेलं ते खोटं आहे, आणि ते खोटं माझ्या गप्प बसण्यावर उभं राहिलं. ते माझ्या तोंडून कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून तुम्हाला चहा पाजतोय, दुसरं काही नाही.

मार्था माझ्या चुलत्याची मुलगी. माझ्याहून लहान, मला दादा म्हणते. नवरा दारूत गेला, मुलगा पुण्याला, त्याचा फोन आला तर नाताळाला, नाही तर तोही नाही. स्टँडच्या बाहेर तिची अंडाभुर्जीची गाडी. संध्याकाळी तिथं कोण येतं ते तुम्हाला ठाऊक आहे, ड्रायव्हर, हमाल, प्यालेली माणसं. मार्था सगळ्यांना पुरून उरायची. एकदा एकानं हात धरला तर तिनं गरम उलथनं त्याच्या मनगटाला टेकवलं आणि वर त्याला पाव फुकट दिला, म्हणाली, भाजलंय तर खाऊन घे, जीव शांत हुईल. तोंडात शिव्या, दातांना मिश्री, पदराला कांद्याचा वास. देवळात, आम्ही चर्चला देऊळच म्हणतो, तिच्या शेजारी बसायला बायका का कू करायच्या.

आणि तिची प्रार्थना, काय सांगू तुम्हाला. आम्ही डोळे मिटून, हे परमदयाळू स्वर्गीय पित्या, असं सुरू करणारी माणसं. ही स्टोव्हला पंप मारता मारता म्हणायची, येशूबाबा, आज कांदा महाग केलास, आता गिऱ्हाईक तरी धड धाड, कालच्यासारखी उधारीवाली नगं. डोळे उघडेच, मिटले तर कांदा जळेल. मी एकदा म्हटलं, मार्था, देवाशी असं बोलतात का गं? तर म्हणाली, दादा, त्यो सुताराच्या घरचा हाय, त्याला कामाच्या मानसाची भाषा कळती. तुमची छापील त्याला कळती का न्हाई ते तुमी बघा.

आता एकनाथ. एकनाथ म्हणजे माझा ड्रायव्हर. श्रीरामपूर–शेवगाव आम्ही इतकी वर्षं केलं की घंटीच्या आवाजावरून त्याला कळायचं मी चिडलोय का खुशीत आहे. एक घंटी थांब, दोन घंट्या चल, बाकी आमच्यात बोलायची गरज नव्हती. हिंदू माणूस, गाडी काढायच्या आधी स्टिअरिंगला हात लावून पाया पडायचा, आणि नाताळाला माझ्या घरी करंज्या खायला पहिला हजर. त्याला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. बायको आधीच वारलेली. दवाखान्यातून सोडायचा दिवस आला तेव्हा एक मुलगा म्हणाला भावाकडं न्या, भाऊ म्हणाला थोरल्याकडं न्या, आणि मी त्याला रिक्षात घालून माझ्या घरी आणला. दारात माझी बायको लीला उभी. म्हणाली, घरात दोन सुना हायेत, परक्या पुरुषाचं हागणं-मुतणं कोण करणार, तुमी तर ड्युटीवर जाणार. खरं तेच बोलत होती. मी रिक्षा वळवली आणि मार्थाच्या घरी नेली.

ती कांदा चिरत बसली होती. मी म्हटलं, मार्था, आठ दिवस ठेव, मी काहीतरी सोय करतो. तिनं वर बघितलं, एकनाथच्या तोंडातून लाळ गळत होती. ती म्हणाली, ठिवा त्या खाटंवर, आन् दादा, त्येची ती टोपी काढा, उकडत असंल. बस. एवढंच झालं. ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

सोय मी केली नाही. आज करू, उद्या करू, आणि तो तिथं बरा आहे असं दिसलं की माणूस सोय करायचं विसरतो. पण गाव विसरत नाही. विधवा बाई, भुर्जीची गाडी, तोंडाळ, त्यात परधर्माचा पुरुष खाटेवर. लोक म्हणायला लागले, जुनंच असंल त्यांचं, तो ड्रायव्हर होता, ही स्टँडवर, आणखी काय पुरावा पायजे. आमच्या पंचांत दयानंद म्हणून एक आहे, अजून आहे, त्यानं विषय काढला. मंडळीला डाग लागतो, म्हणाला. त्या बैठकीत मी होतो. त्या माणसाला तिथं मी नेऊन टाकला, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पुढचा प्रश्न आला असता, मग तुमच्या घरी का नाही ठेवला? त्या प्रश्नाला मी भ्यालो. हात वर करा म्हणाले, सगळ्यांबरोबर माझाही हात वर गेला. ठरलं की तो पुरुष घराबाहेर जाईपर्यंत मार्थाला प्रभुभोजन द्यायचं नाही. आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि प्याला वाटतात, त्यातून माणसाला वगळलं म्हणजे काय ते ख्रिस्ती माणसालाच कळेल. घरच्या पंगतीतून उठवल्यासारखं असतं ते.

आणि निरोप सांगायला त्यांनी मलाच पाठवलं, नात्यातला म्हणून.

गाडीवर गर्दी होती. मी बाजूला उभं राहून सांगितलं. तिनं ऑम्लेट उलटलं, गिऱ्हाइकाच्या ताटात टाकलं, मग म्हणाली, त्यो हितं कोनी आनला ते सांगितलं का तुमी त्यांना? मी खाली बघितलं. तिनं हात पदराला पुसले. म्हणाली, न्हाई सांगितलं व्हय. ऱ्हाऊ द्या मग. मी पन न्हाई सांगत, उगं तुमची पंचाची खुर्ची मोडायची. भुर्जी खाऊन जा, अंडी ताजी हायेत. आणि मी ती भुर्जी खाल्ली हो. खाल्ली.

मला वाटलं होतं ती आता देवळात यायची नाही, किंवा दुसऱ्या मंडळीत जाईल, श्रीरामपूरला काय कमी मंडळ्या आहेत? ती पुढच्या रविवारी आली. दाराशेजारी सतरंजीच्या टोकाला बसली, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गीत गायली. पहिला रविवार आला, भाकर वाटायची वेळ झाली, तशी उठली आणि बाहेर गेली. आम्हाला वाटलं रडायला गेली. उपासना सुटल्यावर बघतो तर दारातल्या सगळ्या चपला जोडीजोडीनं लावलेल्या, तोंडं रस्त्याकडे, म्हणजे बाहेर येणाऱ्यानं पाय घातला की चालू पडावं. एरवी आमच्या दारात चपलांचा नुसता काला व्हायचा, एकाचा पाय दुसऱ्याच्या चपलेत. तेव्हापासून दर महिन्याला असंच. आत आम्ही प्रभूचं भोजन घ्यायचो आणि बाहेर ती आमच्या चपला लावायची, दयानंदच्यासुद्धा. लोक तिला सलाम करत नव्हते पण चपला तिनं लावल्याशिवाय त्यांना करमत नव्हतं. पोरं तर म्हणायची, आज चपलावाल्या मावशीचा रविवार.

घरी काय चालायचं तेही सांगतो, नाही तर तुम्ही तिला संत करून टाकाल. चिडायची, एकनाथला शिव्या द्यायची. मर की एकदाचा मुडद्या, माझी कंबर गेली तुज्यापायी. आणि मग त्याच चादरीच्या टोकाला डोळे पुसून त्याचं अंग पुसायची. खाताना तो तोंड उघडायचा नाही, दात आवळून बसायचा. मी एकदा गेलो होतो, सहज चमचा ताटलीवर दोनदा वाजवला, टण टण. डबल बेल. काय सांगू, त्याचा डावा हात हलला, गिअर टाकल्यासारखा, आणि तोंड उघडलं. मार्था हसून लोटपोट झाली. तेव्हापासून जेवणाआधी ती दोनदा ताटली वाजवते आणि म्हणते, येशूबाबा, गाडी सुटली, बरूबर ऱ्हा. मग घास. तिची जेवणाआधीची प्रार्थना एवढीच. मी देवळात लांबलचक प्रार्थना करणारा माणूस, पण तिच्या त्या एका ओळीनंतर माझ्या मनात जे व्हायचं ते माझ्या प्रार्थनेनंतर कधी झालं नाही. हे मी पंच म्हणून नाही, तिचा भाऊ म्हणून नाही, उगाच आपला एक माणूस म्हणून सांगतो.

बारा-तेरा वर्षं अशी गेली. पाळक बदलले. गेल्या वर्षी आले ते अगदी तरुण, सोलापूरकडचे, इथलं काही माहीत नसलेले. त्यांनी दोन-तीन महिने बघितलं की एक बाई दर रविवारी गीत गाते आणि भोजनाच्या वेळी बाहेर जाऊन चपला लावते. त्यांना वाटलं ही हिंदू बाई, प्रभूवर विश्वास बसलाय पण घरच्यांच्या भीतीनं बाप्तिस्मा घेत नाही. बिचारे एका रविवारी तिच्यापाशी गेले, मी शेजारीच होतो. म्हणाले, मावशी, भिऊ नका, प्रभू तुम्हाला बोलावतोय, बाप्तिस्मा घेऊन टाका. मार्था त्यांच्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, पाळकसाहेब, माज्या बापाचा बाप ख्रिस्ती, माजा बाप्तिस्मा कवाच झालाय, लहानपनी. पानी वाळलं म्हनून दिसंना तुमाला. आणि गेली हसत, गाडी लावायची होती.

पाळकसाहेब लाजले. संध्याकाळी माझ्याकडं आले, म्हणाले, काका, मग त्या बाहेर का जातात? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं आपल्याला माहीत आहे. लीला चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. पोरगेला माणूस, मला वाटलं धीर देईल, देव क्षमा करतो काका, असं काहीतरी. ते म्हणाले, हे मला सांगून काय उपयोग, मी त्या बैठकीत नव्हतो. जे होते त्यांना सांगा.

पुढच्या पहिल्या रविवारी मार्था नेहमीसारखी बाहेर गेली, तसा भाकर वाटायच्या आधी मी उठलो. म्हटलं, एकनाथला मार्थानं घरी आणलेला नाही, मी आणून टाकला, माझ्या घरी जागा झाली नाही म्हणून. मी हे त्या बैठकीत बोललो नाही आणि वर तिच्याविरुद्ध हात उचलला. आणि मग बायकांच्या बाजूनं लीला उठली. म्हणाली, दार मी लावलं हुतं, यांना एकट्याला बोल लावू नका. चाळीस वर्षांच्या संसारात मला ती बाई त्या दिवशी दिसली.

पाळकसाहेब स्वतः दारात गेले. मार्था चपला लावत होती, हातात दयानंदचा एक जोड. म्हणाले, मावशी, आत चला. ती म्हणाली, थांबा, यवढी एक रांग हुं द्या. रांग पुरी केली, हात झटकले आणि आली. भाकरीचा तुकडा घेतला, कपाळाला लावला, निम्मा मोडून तोंडात टाकला. उरलेला निम्मा पदराच्या टोकाला बांधला.

दयानंद लगेच उठला. ही प्रभूची भाकर आहे, बाहेर नेता येत नाही, आणि बाप्तिस्मा नसलेल्याला तर नाहीच. नियम आहे, हे खरं, मी स्वतः लोकांना शिकवलेला. मार्था म्हणाली, घरी एक जन उपाशी हाय. त्याला सोडून माज्या घशाखाली उतरंना. बाहेर जा म्हनाल तर जाते, मला वाट म्हाईत हाय. तिचा आवाज चढलाही नाही. आणि मला दिसलं की हे पुन्हा तेच आहे, तीच बैठक, आणि आता सगळे माझ्याकडं बघतायत. मी म्हटलं, नेऊ द्या. नियम मोडला म्हणून कोणाला बाहेर काढायचं असेल तर मला काढा, तो माणूस माझा आहे. पाळकसाहेबांनी प्याला उचलला आणि पुढच्या माणसापाशी गेले.

दयानंद अजून माझ्याशी बोलत नाही. वरती तक्रार केली म्हणतात, पाळकसाहेबांची बदली होईल असंही म्हणतात. होऊ द्या. पंचपद मी सोडलं. भाकर पदरात बांधणं बरोबर का चूक ते मला कळत नाही, खरंच नाही. एवढं कळतं की त्या दुपारी मी तिच्या घरी होतो, तिनं ताटली दोनदा वाजवली, एकनाथनं गिअर टाकला, आणि तो निम्मा तुकडा चहात भिजवून तिनं त्याला भरवला. तो घास गिळताना त्याच्या डोळ्यांत जे आलं ते मी आमच्या देवळात कोणाच्या डोळ्यांत बघितलेलं नाही.

मार्था आता भोजनाच्या वेळीही आत बसते. पण पहिल्याच महिन्यात म्हणाली, दादा, मी आत आले, मग चपला कोन लावनार? म्हणून मी लावतो. भाकर घेतो आणि बाहेर येतो. माझ्या हातून जोड चुकतात, ती बाहेर आली की ओरडते, येवढी तिकिटं फाडली जन्मात, आन् डावं-उजवं कळंना व्हय. ओरडू द्या. तिचं ओरडणं मला आशीर्वादासारखं लागतं.

चहा झाला ना? निघा आता, अंधाराच्या आत पोचाल. देव तुमच्या घराचं भलं करो. मार्थाची गाडी लागली असेल, जाताना तिथं भुर्जी खा, माझं नाव सांगा, दोन शिव्या ऐकायला मिळतील. तुमच्या चपला दारात आहेत. मघाशी तुम्ही पाणी प्यायला आत गेलात तेव्हाच लावून ठेवल्यात, तोंडं रस्त्याकडे करून.