शेट्ये साहेबांची चौकट

सन्माननीय अध्यक्ष श्री. दत्ताराम गावस, आजचे सत्कारमूर्ती श्री. गुरुदास शेट्ये साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या पद्मावती वहिनी, आपल्या खाण कंपनीच्या डिचोली कार्यालयातले सहकारी, सुर्ल्याहून ट्रक उभे करून आलेले चालकबंधू आणि तिसऱ्या रांगेत बसलेली माझी आई, सर्वांना नमस्कार.

मी गौरेश, कार्यालयातला संगणकचालक. मानपत्र मीच टाईप केलं, म्हणून चार शब्द बोलायचा मानही माझ्याकडे आला. छत्तीस वर्षं नोकरी आणि एक दिवस उशीर नाही, असे आमचे साहेब. शिवाय निर्व्यसनी, बरं का! फेणीचा नुसता वास आला तरी खिडकी उघडणार. लिंबू सरबतसुद्धा आधी हुंगणार आणि मग पिणार. हसू नका, वहिनी साक्षीला आहेत.

पण साहेबांनी या कार्यालयाला खरं काय दिलं? चौकट! सत्त्याण्णव साली पहिला संगणक आला. बाकीचे त्याच्यावर कापड घालून लांबून नमस्कार करत होते, तेव्हा साहेब पत्रकात चौकट घालायला शिकले. पुढे मलाही त्यांनीच शिकवलं. कडेला दुहेरी रेषा, आत फिकट करडा रंग, अक्षरं रेषेला चिकटू नयेत म्हणून चारी बाजूंनी थोडी जागा आणि वर जाड टायपात मथळा, ‘ठळक बाब’. मग सगळी चौकट निवडायची आणि छोटंसं नाव देऊन साठवून ठेवायची. पुढच्या वेळी ते नाव टाईप करून एक कळ दाबली की तयार चौकट पानावर हजर. साहेब म्हणायचे, “गौरेश, लोक पान वाचीनात. चौकट वाचतात.”

केवढं खरं बोलले!

एक बारीक गोष्ट मात्र शिकवायची राहिली. चौकट साठवायच्या आधी आतला मजकूर पुसायचा असतो. साहेबांनी पहिली चौकट मजकुरासकट साठवली. मजकूर एका अपघाताच्या पत्रकातला होता, ‘चालक श्री. अमुक कामावर दारूच्या नशेत होते.’ तो चालक खरोखरच प्यायला होता, त्याबद्दल वाद नाही.

दोन वर्षांनी सुर्ल्याच्या उतारावर दुसरा ट्रक उलटला. चालक जागीच गेला. त्याचं नाव जयराम. माझे बाबा. थर्मासमधल्या चहापलीकडे त्या माणसाने काही घेतलं नाही. ब्रेक नीट लागत नाही असं त्यांनी दोनदा सांगितलं होतं आणि पत्रकात ते लिहिलेलंही होतं, अगदी व्यवस्थित, तिसऱ्या परिच्छेदात. पण खाली चौकट हवी होती. साहेबांनी कळ दाबली, चौकट आली, नाव तेवढं बदललं. पत्रक वजनकाट्याच्या फळ्यावर लागलं. तिसरा परिच्छेद कोण वाचतो? संध्याकाळपर्यंत गावभर झालं, “जयराम सोरो पियेवन मेलो.” बाराव्या-तेराव्याला शेजारचेसुद्धा आले नाहीत.

आई याच कार्यालयात आली होती. दुरुस्तीचं पत्रक काढा, एवढंच मागत होती. साहेबांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस सभ्य! मग म्हणाले, “पार्वतीबाय, छापलें तें छापलें. फायल बंद जाली. लोक विसरतले.”

त्याला आता चार वर्षं झाली. मी नोकरीला लागलो त्या दिवशी वजनकाट्यावरचा एकजण मला म्हणाला, “बापायवरी पियेवन येवं नाका रे.” त्याच महिन्यात साहेबांनी शिकवलं तसं मी नाव टाईप केलं, कळ दाबली आणि चौकट आली. आत ते वाक्य. चौकट साठवल्याची तारीख पाहिली तर बाबांच्या मरणाच्या दोन वर्षं आधीची. साहेबांना विचारलं तेव्हा ते हसले. “आरे, घाईत जालें.” मला राग आला, अध्यक्षमहाशय. अजून आहे. आई नको म्हणत होती, तरी बोललो.

असो, आज सत्काराचा दिवस. मानपत्राची प्रत प्रत्येकाच्या खुर्चीवर ठेवलेली आहे. एक वजनकाट्यावरही लावून आलो, बाबांचं पत्रक होतं त्याच खिळ्याला. साहेबांचं मनापासून कौतुक केलं आहे. दारूला कधी शिवले नाहीत, हेही लिहिलं आहे, तिसऱ्या परिच्छेदात. खाली साहेबांचीच चौकट आहे. दुहेरी रेषा, करडा रंग, आतला मजकूर तोच. नाव तेवढं बदललं.

वहिनी, तुम्ही चष्मा लावलाच आहे, वाचा. साहेब, उठू नका, बसा. कोणीतरी साहेबांना चहा द्या. दुरुस्ती हवी म्हणता? साहेब, छापलें तें छापलें. लोक विसरतले.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. लिहिण्यात काही चुकलेलं नाही, मी दोनदा तपासलं आहे.