पालथी संहिता

(नात खाटेवर, डावा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये. आजी पायथ्याशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालते आहे. आजोबा दारात, चपला अजून पायात.)

आजोबा : …आणि हे मी सांगितलं तर जगात कुणाचाही विश्वास बसणार नाही. म्हणून तर घरी सांगतोय.

आजी : घरी तरी कुठे बसतो? चपला काढा आधी.

आजोबा : अगं, ऐक तर. मला हरवायला आज एक आठ पायांचा राक्षस, एक कबूतर आणि अख्ख्या पेठेची वीज, एवढं सगळं लागलं.

नात : म्हणजे हरलात.

आजोबा : एका शब्दात तसं म्हणता येणार नाही.

नात : मग किती शब्द लागतील?

आजी : यांना? भात लावते मी. शिजून गार होईल तोवर गोष्ट संपली तर बघू.

नात : तू बस गं आजी. आजोबा, हो की नाही सांगा. पत्त्यांच्या दुकानाच्या संघातली जागा गेली?

आजोबा : तसं बघायला गेलं तर…

नात : आजोबा.

आजोबा : गेली.

नात : गेली!

आजोबा : दुसरा नंबर आहे पण. दुकानदारानं टाळ्या वाजवल्या. पेनही दिलं. हे बघ, दोन्ही बाजूंनी लिहितं.

नात : पाच रविवार खेळले मी. अकरा डाव जिंकले. मी ते नाटकमंडळीचे पत्ते घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा सगळे फिदीफिदी हसले होते. 'नाटक कंपनी आली, खुर्च्या मांडा' म्हणाले. त्या पत्त्यांनी कुणी शेवटच्या टेबलापर्यंत पोचतच नाही. मी पोचले होते. आणि शेवटच्या डावाच्या आदल्या दिवशी जिन्यावरून पडले.

आजी : मोबाइलमध्ये बघत उतरलं की जिना मध्येच संपतो.

नात : दुकानदार म्हणाला, घरातलं कुणी बदली पाठवलंस तर चालेल. मला वाटलं, आजोबांना जमेल.

आजोबा : वाटलं ते बरोबरच वाटलं तुला. मला पत्त्यांतलं काही कळत नाही, पण ती मंडळी माझ्या ओळखीची आहेत. तुझा तो शेपटीवाला खलनायक घे. असा एक माणूस होता आमच्या कंपनीत. शेपूट तेवढी नव्हती. मेकअप उतरवला की जास्त भीती वाटायची. आणि ती तीन तोंडांची नायिका! आमच्या नायिकेला एकच होतं, पण ते तिघांचं काम करायचं.

आजी : आणि नायक?

आजोबा : नायकाची तर गंमतच. पत्त्यावर त्याला समोरून काढलाय ना? मी म्हटलं, अरे, यालाही नाक असतं! चाळीस वर्षं प्रॉम्प्टिंग केलं मी. विंगेत खुर्ची, मांडीवर संहिता, आणि समोर नटांचे डावे कान. तोंडं आम्ही नंतर फोटोत बघायचो. कुणाच्या कानात केस आहेत विचार, सांगतो. कुणाला रडता येतं ते विचारू नकोस. चाळीस वर्षांत एकदाही समोर बसून नाटक बघितलं नाही.

आजी : एकदाही नाही?

आजोबा : …चपला इथेच काढू की बाहेर?

नात : आजोबा, डाव सांगा. पहिल्यापासून. आणि कबूतर वगळून.

आजोबा : कबूतर वगळलं तर गोष्टीत उरतं काय?

नात : संहितेचा पत्ता पालथा ठेवलात?

आजोबा : ठेवला. तू सांगितलंस तस्सा. तीन नट टेबलावर उभे, त्यांच्या मागे संहिता पालथी. समोरच्याला वाटावं, ह्या संहितेवरच यांचा सगळा खेळ चाललाय, हीच फाडली पाहिजे.

नात : आणि समोरच्या बाईनं फाडली की?

आजोबा : की माझे नट स्वतःच्या मनानं बोलायला लागतात आणि तिच्या बाजूचं सगळं मैदान साफ! तुझं दोन पानी टिपण तोंडपाठ होतं मला. चार-चार अंकी नाटकं पाठ केली, तुझी दोन पानं जड जातात होय?

आजी : संहिता फाडली की नट बरे बोलतात, हे मी कंपनी होती तेव्हापासून सांगतेय. कुणी ऐकलं नाही.

नात : म्हणजे तुम्हाला एकच काम होतं. तिनं संहिता फाडेपर्यंत गप्प बसायचं.

आजी : तिथेच घोळ झाला तुझा.

नात : समोर कोण होतं?

आजोबा : अग्गं, काय सांगू! साडेसहा फूट उंच, मनगटं ही अशी, लाटण्यासारखी…

नात : दातांची डॉक्टरीण होती. चष्म्याची. मला माहितीये शेवटच्या टेबलावर कोण आहे ते. माझ्या खांद्याला लागते ती.

आजोबा : बसलेली होती ना, मला उंच वाटली.

नात : दोनदा हरवलंय मी तिला. एकटी असली की झकास खेळते. चार माणसं भोवती जमली की हातपाय गळतात. तिला काही म्हणजे काही सुचत नाही.

आजोबा : आज चाळीस जमली होती. खुर्च्यांवर उभी होती माणसं.

नात : मग तर सोपंच होतं! तिच्याकडे काय होतं टेबलावर?

आजोबा : तो समुद्रातला. आठ पायांचा.

नात : अरे देवा. तो पालथा पत्ता मालकाच्या हातात परत पाठवतो.

आजोबा : फाडत नाही. नुसता परत पाठवतो. फाडलं नाही म्हणजे माझे नट स्वतःच्या मनानं बोलणार नाहीत, आणि संहिता जवळ नाही म्हणजे तिच्यातलंही बोलणार नाहीत. सगळे मुके. मला कळलं गं ते, बसल्या बसल्या कळलं.

नात : पण ते तिच्या लक्षात आलं तर ना.

आजोबा : आलं.

नात : कसं?

आजोबा : तेच तर सांगत होतो. तिचा हात माझ्या संहितेवर आला. फाडणार! दुकानात श्वास सुद्धा ऐकू येत नव्हता. इतक्यात खिडकीतून एक कबूतर आलं, भर्रकन टेबलावर उतरलं, ते नेमकं तिच्या आठ पायांच्या राक्षसावर. तिचं लक्ष तिकडे गेलं…

नात : दुकान तळघरात आहे.

आजोबा : हो, म्हणून तर सगळे चकित झाले.

नात : तळघराला खिडकी नाही.

आजी : जिन्यानं उतरलं असेल. त्याच्याकडे मोबाइल नव्हता.

आजोबा : बरं, कबूतर राहू दे. खरं तर वीज गेली. अंधार झाला, आणि त्या अंधारात तिला शांतपणे विचार करायला…

नात : वीज गेली की पंच डाव थांबवतो. घड्याळ थांबतं. सगळे पत्ते पालथे करून पुन्हा सुरू करतात. वीज गेली नव्हती, आजोबा. तिचा हात संहितेवर होता. तो तिथून उचलला कसा तिनं?

आजोबा : आठवलं तिला.

नात : आपोआप?

आजोबा : माणसाला आठवतं कधीकधी.

आजी : अहो, उजवा हात दाखवा बघू. हा असा तोंडाच्या कडेला गेला होता का?

आजोबा : तुझं काय मध्येच?

आजी : माझं काय? मी शेजारणीला 'नाही' म्हणायला तोंड उघडते, क्षणभर थांबते, तेवढ्यात मागून ह्यांचा हात तोंडाशी आणि 'हो, घेऊन जा ना शिडी!' तेरा वर्षं झाली, शिडी अजून तिच्याकडेच आहे.

नात : आजोबा… तुम्ही तिला सांगितलंत?

आजोबा : सांगितलं नाही. वाक्य दिलं.

नात : काय दिलंत?

आजोबा : 'उजवीकडचा. परत पाठवा.' एवढंच. हळू. चाळीस माणसांतल्या कुणालाही ऐकू गेलं नाही. फक्त तिला. तशी सवयच असते आमची.

नात : तुम्ही माझ्या शत्रूला…

आजोबा : पंच नियमांचं पुस्तक चाळत बसला. आजूबाजूच्यांनी मदत केली तर काय, ते सगळं लिहिलेलं आहे. समोर बसलेल्यानंच केली तर काय, हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटी त्यानं हात जोडले मला. लोक हसले. डॉक्टरीणबाई तेवढी हसली नाही.

नात : मी हसतेय असं वाटतं का तुम्हाला?

आजोबा : नाही.

नात : एक गोष्ट मागितली होती. फक्त एक. गप्प बसायचं. मी इथे पाय टांगून सकाळपासून घड्याळ बघतेय, आणि तुम्ही कबुतरं उडवताय. हरला असता तर काही नव्हतं. खरंच नव्हतं. ही जागा तुम्ही देऊन आलात.

आजोबा : दुकानातून निघालो तो सरळ घरी नाही आलो. तीन फेऱ्या मारल्या कोपऱ्यापर्यंत. दर फेरीत नवीन गोष्ट जुळवली. कबूतर तिसऱ्या फेरीत सुचलं.

आजी : खिडकीतून दिसत होतात. मी हाक नाही मारली.

आजोबा : तू म्हणशील ते ऐकून घेतो, पोरी. तोंड दाखवायला जागा ठेवली नाही मी. पण ती शांतता तू ऐकली नाहीस. दहा सेकंद… वीस… तिचा हात हवेत, माणसं टक लावून बघताहेत, आणि तिच्या डोक्यात काही नाही. कोरा कागद. ते मला बघवत नाही. का, ते तुला माहीतच आहे.

नात : माहितीये. नायकाची गोष्ट. लहानपणापासून ऐकतेय. शंभरावा प्रयोग, थिएटर भरलेलं, नायक दुसऱ्या अंकात ब्लँक झाला. तुम्ही तीनदा वाक्य दिलंत, त्याला ऐकू गेलं नाही. पडदा पाडावा लागला. तो पुन्हा कधी रंगमंचावर चढला नाही.

आजोबा : रंगाच्या दुकानात बसला. डबे विकायला. आमचा नायक.

आजी : ते दुकान आलं की हे पलीकडच्या फुटपाथला जातात. भर उन्हात सुद्धा.

आजोबा : त्याला वाईट वाटू नये म्हणून.

आजी : बरं.

आजोबा : आज टेबलापलीकडे ती बसली होती ना, तिचं तोंड हुबेहूब त्याच्यासारखं झालं. हुबेहूब गं. ओठ जरासे उघडे, जसं काही पुढचा शब्द ओठांवरच आहे. कपाळावर मधोमध एक थेंब, तो हळूहळू नाकावर उतरायला लागलेला, आणि पुसायला हात उठत नाही. त्याचाही नव्हता उठला. आणि डोळे… डोळे सरळ समोर. जसं काही हजार माणसांत एकट्या माझ्याकडे बघतोय आणि विचारतोय, आता काय?

आजी : राहू द्या ते आता. भात लावते मी.

आजोबा : नाही, तिला कळू दे. मी काय पहिल्यांदाच असा वागलो का? त्या दिवशी सुद्धा मी माझं काम केलं. एकदा दिलं वाक्य. दुसऱ्यांदा मोठ्यानं दिलं. तिसऱ्यांदा तर खुर्चीवरून उठून, विंगेच्या कडेला येऊन…

नात : आजोबा.

आजोबा : काय गं?

नात : विंगेतून तर डावा कान दिसतो ना. त्या दिवशी तुम्ही विंगेतल्या खुर्चीवर नव्हतात. समोर, प्रेक्षकांत बसला होतात.