भाच्याची नाडी

हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त नर्स आणि त्यांच्या भाच्याची बायको बसल्या होत्या. भाच्याला तपासायला आत नेलं होतं.

“आत्या, ह्यांचं हृदय काढून यंत्र बसवलंय, हे तुम्हाला ठाऊक होतं ना?”

“ठाऊक होतं गं. पण नाडीच लागणार नाही, हे मला मेलीला कुणी सांगितलं? दुपारी झोपला होता, सहज मनगट धरलं. काहीच नाही!”

“अहो, ते यंत्र धडधडत नाही. नळासारखं सलग रक्त सोडतं.”

“तीस वर्षांच्या नोकरीत असला माणूस नाही बघितला.”

“म्हणून छाती दाबायची? दुसरं हृदय मिळेपर्यंत त्या यंत्रावरच जगायचंय ह्यांना.”

“दोनदाच दाबली. तेवढ्यात डोळे उघडून म्हणतो, ‘आत्या, काय चाललंय?’ मी किंचाळलेच!”

दार उघडून डॉक्टर म्हणाले, “यंत्राला काही झालेलं नाही.”

आत्याबाईंनी पदरात तोंड लपवलं. पदर बाजूला करून विचारलं, “सूनबाई, मग तो जिवंत आहे हे तू कशावरून ओळखतेस?”

“सकाळी उठल्याबरोबर हाक मारते.”

“आणि ओ दिली नाही तर?”

“आजवर दिलीये, आत्या.”