मनगटावरचं नाव

काल लग्नात तुम्ही सगळे नवरीला "नाव घे, नाव घे" म्हणत होता, तेव्हा मी उठून बाहेर का गेलो, ते सांगतो.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी सोलापुरात सरकारी दवाखान्यात चौकशीच्या खिडकीत बसायचो. एकदा दुधनीची एक बाई आली. म्हणाली, "आमच्या मालकास्नी काल हितं आणलंय. गाडीखाली सापडले. कुटं ठेवलंय?"

"नाव काय त्यांचं?"

बाईनं पदर तोंडाशी धरला.

"अहो, नाव सांगा की!"

"कसं घिऊ सायेब? कदी घेतलं न्हाय."

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही रीत मला ठाऊक नव्हती असं नाही. पण मी तापट. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो, "मग काय उखाण्यात घेणार? लग्नघर आहे का हे?"

रांग हसली.

बाईनं मुकाट्यानं बांगड्या वर सारल्या आणि खिडकीतून हात आत घातला. मनगटावर हिरवं गोंदलेलं होतं, 'मल्लप्पा'.

"ह्ये बगा. ह्येच."

रजिस्टरात नाव लगेच सापडलं. मल्लप्पा, दुधनी. त्यावर लाल रेघ होती. माणूस गेला की आम्ही तशी रेघ मारायचो. ही तर सकाळी मीच मारलेली.

मी मान वर केली. बाई माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिली. मग आत घातलेला तो हात रजिस्टरवर ठेवून तिनं जन्मात पहिल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं. सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.