उपरण्याखाली ठरलेली डर्ट बाईक

नाही, मला एक सांगा, गाडी चालवणार कोण? मी. पैसे कोणाचे? माझेच, पाथर्डीला क्लासमध्ये नववी-दहावीच्या पोरांना गणित शिकवून साठवलेले. मग कोणती गाडी घ्यायची हे ठरवायला बैलांचा दलाल कशाला लागतो? आणि लागला समजा, तरी गाडी दारात आल्यावर मी एकच वाक्य बोलले, माझे पाय टेकत नाहीत, तर ते ऐकायला अख्ख्या तिसगावात एक कान रिकामा असू नये?

थांबा, पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्हीही म्हणाल, टेकतील हळूहळू. सगळे तेच म्हणतात. जसं काही तेविसाव्या वर्षी माझी उंची अजून वाढायची राहिली आहे.

तर मला डर्ट बाईक घ्यायची होती. डर्ट बाईक म्हणजे मातीत, दगडात, खड्ड्यात चालवायची गाडी. आता तुम्ही म्हणाल, मग आमच्या रस्त्यांवरच्या सगळ्याच गाड्या डर्ट बाईक झाल्या... कबूल. पण ही बिचारी जन्मालाच त्यासाठी आलेली असते, अंगाने हलकी, टायरला बोटभर खाचा, चाकाच्या वर वीतभर मोकळी जागा. नगरजवळच्या एका माळावर दर रविवारी शिकवतात, तिथं फक्त मुलींची, त्यातही नवशिक्यांची एक तुकडी सुरू होणार होती. मी नाव दिलं. नुसतं नाव देऊन गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण तुम्हाला सांगते, मी भाषणही दिलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाला माजी विद्यार्थिनी म्हणून बोलावलं होतं, तर मी माईक धरून म्हणाले, मैत्रिणींनो, मागच्या सीटवरून उतरा, किती दिवस बापाच्या, भावाच्या, नवऱ्याच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसणार? टाळ्या काय पडल्या... आणि मुली म्हणाल्या, ताई, आम्ही माळावर बघायला येतो. झालं. म्हणजे आता ती नुसती गाडी राहिली नाही, तत्त्व झालं.

मग मी अभ्यास केला. गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून माझं जेवण थंड व्हायचं. जगातला प्रत्येक माणूस, कुठल्याही भाषेत बोलणारा असो, एकच सांगतो, पहिली गाडी हलकी घ्या, बुटकी घ्या, ताकद कमी असली तरी चालेल, पण दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, कारण नवशिका धावताना पडत नाही, थांबताना पडतो. किती सोपं. आणि तशी गाडी मला सापडली. राहुरीला ज्ञानेश्वर म्हणून एक मुलगा जुन्या गाड्या घेतो-विकतो, त्याच्याकडे दोन होत्या, एक लहान, एक मोठी. लहानीवर बसले, दोन्ही पाय जमिनीवर, टाचांसकट. मी त्याला म्हणाले, हीच. रविवारी चर्च सुटलं की पप्पांना घेऊन येते आणि नेते.

पप्पांना. इथंच सगळं फसलं.

आमचे पप्पा, दानीएल सर, सगळी नोकरी शाळेत गेली, फार सज्जन माणूस, पण एकट्याने कधी छत्रीसुद्धा विकत घेतलेली नाही. ते म्हणाले, "बाळा, व्यवहाराला अनुभवी माणूस बरोबर असावा. बिभीषणमामांना सांगितलं आहे." आता हे बिभीषणमामा कोण, तर आमचे सख्खे कोणी नाहीत, गावाचे मामा. बैलांची दलाली करतात. तिसगावात दाव्याला बांधायचं जे काही घ्यायचं, ते मामांशिवाय कोणी घेत नाही. मी म्हटलं, पप्पा, गाडीला दावं नसतं. तर पप्पा म्हणतात, "पण खोट असते ना?"

गेलो तिघं राहुरीला. मामांनी दोन्ही गाड्यांभोवती एक फेरी मारली. लहानीचं टायर दाबलं. सीटवर थाप मारली आणि झटकन बाजूला सरले... मला वाटतं लाथ झाडते का बघत होते. मग गुडघ्यावर हात ठेवून इंजिनाकडे इतका वेळ बघत राहिले की दात मोजताहेत की काय.

"आरं, हेचं मडगार्ड उचकटलंय की."

ज्ञानेश्वर म्हणाला, "काका, डर्ट बाईकचं वरच असतं. खाली चिखल अडकू नये म्हणून."

"आसू दे, आसू दे. खोट ती खोट. भावात बघू. आन् मागं बाईमानूस कुठं बसायचं?"

मी म्हटलं, "मामा, बाईमाणूस पुढं बसणार आहे."

"व्हय, पर मागं?"

मी म्हटलं, मामा, ही लहान पसंत आहे, हिच्यावर माझे पाय टेकतात. तर मामा पप्पांना बाजूला घेऊन, पण मला ऐकू येईल एवढ्या आवाजात सांगायला लागले, "सर, हे खोंड हाय. आजून दोन दाती. औताला धरलं तर वरीसभरात खाली बसंल." अहो, कोवळं तर कोवळं, मला औत हाकायचं नाही. "आत्ता न्हाई हाकायचं गं आरू, फुडं?" पुढं काय? पुढं मी डर्ट बाईकने नांगरट करणार आहे का? पण तोवर मामा मोठीसमोर जाऊन उभे होते, आणि डोळे असे चमकत होते जसे मढीच्या जत्रेत जनावरं बघताना चमकतात. "ह्यो बघा. काय उभा हाय. खांदा बघा खांदा. आरं, दारात बांधला तर पावना थांबून इचारील."

मग मामा आणि पप्पा दोघांनी मिळून मला मोठीवर चढवलं. चढवलंच म्हणावं लागेल, घोड्यावर नवरदेवाला चढवतात तसं. वर गेल्यावर हवा गार लागते, तुम्हाला सांगते. खाली बघितलं तर माझे दोन्ही पाय लोंबकळत होते.

"मामा, माझे पाय टेकत नाहीत."

"बैलगाडीत बसल्याव कुनाचं पाय टेकत्यात गं?"

 गणित शिकवते मी, तर्क शिकवते, आणि माझ्यापुढं हा तर्क. मी वरून उतरायला जागा शोधत होते, तेवढ्यात मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांना सांगते. बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि मालक उपरण्याखाली हातात हात घेतात, बोटं दाबून आकडा सांगतात, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही, आणि मालकाची मान एकदा हलली की सौदा पक्का, मग आभाळ कोसळलं तरी कोणी फिरत नाही. आता हा ज्ञानेश्वर, फोनवर फोटो टाकून गाड्या विकणारा मुलगा. त्याने बैल बघितला असेल तो पोळ्याला. त्याचा हात एका अनोळखी मिशीवाल्या माणसाने कापडाखाली घट्ट धरला, बोटं दाबली, सोडली, परत दाबली, आणि समोर पप्पा हात बांधून मान खाली घालून गंभीर उभे. तो नंतर मला काय म्हणाला माहीत आहे? "ताई, तुम्ही चर्चमधून थेट आलो म्हणालात ना, मला वाटलं तुमच्यात गाडी घ्यायच्या आधी प्रार्थना असते. म्हणून मी पण मान खाली घातली."

मान खाली घातली! आणि मामा म्हणाले, "झालं. मोठी आपली."

मामांनी पप्पांना आकडा सांगितला, पप्पांनी तो ज्ञानेश्वरच्या कानात सांगितला, आणि तो इतक्या चटकन "चालेल" म्हणाला की तेव्हाच मला कळायला हवं होतं की ती मोठी त्याच्या गळ्यात कधीची पडलेली आहे. सहा फुटी माणूस गिऱ्हाईक म्हणून यायची तो वाट बघत होता. सहा फुटी माणूस आला नाही, मी आले. मी म्हटलं, अहो थांबा, मला ही नको, माझे पाय टेकत नाहीत. पप्पा म्हणाले, "बाळा, आता शब्द गेला." पप्पा, शब्द कुठं गेला? एक शब्द तरी कोणी बोललं का तिथं? पण नाही. मामांचं बाजारात नाव आहे, त्या उपरण्याखाली ठरलेलं आजवर मोडलेलं नाही, आणि माझ्या दोन पायांसाठी ते काय मोडणार? येताना मामा भेटेल त्याला सांगत होते, "ल्हानीच्या भावात मोठी आनली, सरांची पोरगी लई नशीबवान."

दुसऱ्या दिवशी चोरून ज्ञानेश्वरला फोन केला, म्हटलं, बदलून दे रे. तो म्हणाला, "ताई, लहान गेली. अकोल्याच्या एका माणसाने नेली, पोराला शिकायला. पोरगं सातवीत आहे." सातवीत. त्याचे टेकत असतील.

तरी मी हरले नाही. इलाज होता. सीटचा फोम कापायचा, दोन इंच खाली आलं तरी निदान चवडे लागतील. तिसगावातच सीट शिवणाऱ्याकडे गाडी नेली, त्याला समजावलं, इथून कापा, असं कापा, आणि क्लासची वेळ झाली म्हणून पप्पांना तिथं बसवून गेले. संध्याकाळी येऊन बघते तर सीट उशीसारखी फुगलेली, वर मरून रंगाचं रेक्झिन, कडेने पांढरी शिवण.

"पप्पा, हे काय? कापायचं होतं."

"अगं, तो कापायलाच निघाला होता, मीच थांबवलं. म्हटलं, लेकरू दगडधोंड्यांत जाणार, उलट जास्त मऊ कर. चांगला जाड फोम घातलाय. बसून तर बघ."

आणि ते त्या सीटवर असा हात फिरवत होते, की मी लहानपणी तापाने फणफणले की माझ्या कपाळावर फिरवायचे तसा. राग येतो, पण बाहेर कुठून काढायचा? बसले. म्हटलं, छान आहे पप्पा, मऊ आहे. फक्त माझे पाय टेकत नाहीत. ते म्हणाले, "सवय होईल."

आणि आला रविवार. माळावर मुली आल्या होत्या, भाषण ऐकलेल्या, फोन वर धरून. मामा आले होते, बोलावलं नव्हतं तरी, पांढराशुभ्र सदरा घालून. शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी गाडीवर बसा आणि दोन्ही पाय खाली टेकवा. मी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मॅडम, माझे पाय टेकत नाहीत."

"मग ही गाडी निवडली कोणी?"

मागून आवाज आला, "म्या." आणि तो माणूस दोन पावलं पुढंही आला हो, सत्काराला येतात तसा.

शेवटी ठरलं, सुरुवातीला डावीकडून मामा धरतील, उजवीकडून पप्पा, मी क्लच सोडला की त्यांनी सोडायचं. मामांनी सीटवर थाप मारली, "हां... जाऊ द्या," आणि मी सुटले. आणि आता रागावलेली आहे म्हणून खोटं नाही बोलणार, तो पहिला उंचवटा आला, गाडी वर चढली, पलीकडे उतरली, मी पडले नाही, आणि वाटलं ह्याच्यासाठी सगळं केलं ते बरोबर होतं. धूळ, वारा, मी. पुढं कोणी नाही, मागं कोणी नाही. वळण घेतलं, दुसरा उंचवटा, खड्डा, परत वळण. मस्त. आणि मग मॅडमनी शिट्टी वाजवली, म्हणजे थांबायचं.

सगळ्या थांबल्या. पाय टेकवले, हेल्मेट काढलं, पाणी प्यायल्या. मी त्यांच्या समोरून गेले. परत आले, परत गेले. थांबणार कशावर? मी एक हात सोडून खुणा केल्या, धरा मला, तर मुलींनी हात हलवले. मॅडम स्पीकरवर सांगताहेत, "बघा, हिला म्हणतात जिद्द. तुम्ही दमलात, ती दमली नाही." अहो जिद्द कसली, मी रडकुंडीला आले होते. पप्पा माझ्यामागे धावायला लागले, मी पुढं, ते मागं, असं कसं धरणार मला? शेवटी बिथरलेलं जनावर ओळखायचा ज्याला सराव, तो माणूस पुढं आला. मामा वाटेत मधोमध हात पसरून उभे राहिले, "होऽ... होऽ... होऽऽ" करत. मी ब्रेक दाबला, गाडी कलली, आणि त्यांनी दोन शिंगं धरावीत तसं हँडल धरलं. पप्पा मागून आले, त्यांनी मला धरलं. आणि दोघांनी मिळून मला खाली उतरवलं.

टाळ्या पडल्या. भाषणाला पडल्या होत्या त्यापेक्षा जास्त. पुढं बसलेली रेश्मा म्हणून एक मुलगी, बारावीतली, फार शांत आवाजात म्हणाली, "ताई, आम्हाला मागं बसायला एक माणूस लागतो. तुम्हाला पुढं बसायला दोन."

मामा घाम पुसत पप्पांना सांगत होते, "बगितलं सर? थांबतच न्हवती. मी म्हनलो हुतो, दम हाय त्या गाडीत."

पण मी सोडली नाही, सांगून ठेवते. रोज काढते. पाथर्डीला जाते, मढीला जाते, डोंगराच्या कडेच्या पायवाटेने जाते, आणि एकटीच जाते, मागं कोणाला बसवत नाही. रस्त्यात कुठल्या मोरीचा कठडा पायाला येतो, कुठल्या देवळाचा ओटा येतो, सगळं पाठ झालंय. जिथं ओटा नाही, कठडा नाही, तिथं मी उतरत नाही, मग भूक लागो नाहीतर तहान. आता कोणी विचारलं तर सांगते, हो, स्वतंत्र आहे मी. गाडी माझी, वाट माझी, वेळ माझी. फक्त घरून निघायच्या आधी जिथं जायचं तिथं एक फोन करते... "निघाले हं. चहाचं मग बघू, आधी दोन माणसं रस्त्यावर उभी करा."