तारेने बांधलेली कडी

— अरे राहू दे, चपला राहू दे पायात, आता इकडे कोणी काढत नाही. धक्के सुरू झाले तेव्हापासून सगळा पाडा चपला घालूनच जेवतो, पळायची वेळ आली तर अंधारात शोधत कोण बसणार? बस तू, दशरथ. तिथे नको, त्या भिंतीखाली नको, तिला वरून खालपर्यंत तडा गेलाय — हो, माझा पलंग तिथेच आहे, बघितलंस ना, आता डोळे वटारू नकोस. मोठी बहीण आहे मी तुझी. टेम्पोवाला थांबलाय तर थांबू दे, त्याला चहा देऊन आले मी मागून. आणि बाई, काय तो टेम्पो! बहिणीला न्यायला आलास की जप्तीला आलास? रेल्वेत लागल्यापासून तुला सगळं वेळेवर हवं असतं. चहा घे आधी... दार? नको, पुढचं दार बंदच राहू दे. मागचं उघडं आहे, जीव वाचवायला तेवढं पुरे. का म्हणजे काय? उघड्या दाराला कोण कडी वाजवतं?

असा बघू नकोस माझ्याकडे. मला ठाऊक आहे तू का आलास ते. शिकवणीतल्या त्या लडक्याने सांगितलं ना तुला, मागच्या रविवारी? चोंबडं कार्टं. म्हणाला असेल, धक्का बसला, आम्ही सगळी पोरं बाहेर धावलो आणि बाई उलट्या आत धावल्या. खरं आहे ते, मी कशाला लपवू? तो पहिलाच मोठा धक्का. दिवाळी नुकतीच झाली होती, शिकवणी इथेच भरायची, ह्या खोलीत. खालून गुरगुरल्यासारखं झालं, मला वाटलं खाणीत सुरुंग लावला, मग पत्रा थरथरला, फळीवरची भांडी नाचायला लागली, पोरं ओरडत अंगणात — आणि पुढच्या दाराची कडी वाजली. खड खड. मध्ये जरा दम. मग एकदा, खड. तुझ्या दाजींची कडी, दशरथ! दुसरं कोण अशी वाजवायचं? बेल लावून दिली होतीस तू, तिला कधी बोट लावलं नाही त्यांनी. मी किती वेळा म्हटलं, अहो, बटण दाबा, शेजारपाजारची कुत्री उठतात — पण जित्याची खोड... जाऊ दे. पुढचं नको म्हणायला.

हे ऐकलंस आणि तू कडीला तार गुंडाळून गेलास. चांगली जाड तार, पक्कडीने पिळून पिळून. म्हणालास, आता वाजणार नाही ताई, आता डोकं शांत राहील. तुझ्या मायेला नावं ठेवत नाही मी. तू त्यांचा फोटो घेऊन वापी-सुरतपर्यंत फलाट पालथे घातलेस, कासाच्या दवाखान्यात प्रत्येक खाट बघून आलास, मला आठवत नाही का? सख्खा भाऊ असावा तर असा. पण तू तार बांधलीस आणि मला त्या रात्री झोप आली नाही, एवढंच सांगते.

पोरं? येतील ना चारला, मागच्या परसात, त्या निळ्या प्लास्टिकखाली. आता आत कोणाला बसवत नाही मी, तेवढी अक्कल आहे मला. इंग्रजीच शिकवते, आणि त्यांच्याच पद्धतीने. तुला माहीत नाही ती गंमत? अरे, ह्यांना शाळेत एकदम इंग्रजी दिलं शिकवायला. आयुष्य गेलं मराठीत, आणि हातात दिलं ते पुस्तक. पहिलाच धडा — आय हॅव अ कार. आय हॅव अ डॉल. आय हॅव अ पियानो. पोरं आपली मान खाली घालून म्हणतायत, आय हॅव अ कार. पायात चप्पल नाही आणि आय हॅव अ कार! तेव्हा ती ठकी उभी राहिली, नाक पुसत, म्हणाली, सर, हे सगळं खोटं आहे. मग काय सुचलं त्यांना कोण जाणे, फळ्यावर मध्येच 'डोन्ट' लिहिलं. आय डोन्ट हॅव अ कार. म्हणा! आणि दशरथ, वर्ग असा उसळला! त्या पोरांना पहिल्यांदा इंग्रजीतून खरं बोलायला मिळालं. आय डोन्ट हॅव अ टीव्ही! आय डोन्ट हॅव अ हॉर्स! काळ्या तर बाकावर चढला — आय डोन्ट हॅव अ हेलिकॉप्टर! त्याला पुस्तक काही वाचता येत नव्हतं, पण हेलिकॉप्टर बरोब्बर आलं. घरी येऊन हे इतके हसले, जेवताना घास अडकला. नयना, म्हणाले, आपली पोरं नाहीमध्ये श्रीमंत आहेत. हसत हसतच म्हणाले.

मग रोजचा खेळच झाला तो. मला घरी बसायचा कंटाळा म्हणून मीही जायची कधी कधी बघायला, मागे बसायची. त्या दिवशी मी होते. बारकीची पाळी आली. तिचा बाप बोटीवर गेला होता, चिंचणीहून, परत आला नव्हता, तुला आठवत असेल, बोट सापडली होती नुसती. पोर उभी राहिली, फ्रॉकचा कोपरा पिळत म्हणाली, आय डोन्ट हॅव अ फादर. हळूच म्हणाली. आणि सगळी पोरं वळून दाराकडे बघायला लागली. मीसुद्धा! दारात कोणी नव्हतं रे. पण सगळ्यांनी बघितलं. बारकीनेही. हे खडू हातात धरून उभे. संध्याकाळी नुसता भात चिवडत बसले, मग म्हणाले — नयना, नाही म्हणायचं तरी आधी त्याला बोलवावं लागतं. घोडा नाही म्हटलं की घोडा येतोच आधी. मग तो जातो. पण तिचा बाप आला आणि गेलाच नाही, बघितलंस ना? मी म्हटलं, अहो जेवा, काही तरीच बोलू नका. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. वस्तू म्हणायच्या. जनावरं म्हणायची. माणसं म्हणायची नाहीत. मीही तोच नियम चालवते. परवा ती नवी पोर, सोनीबाईची नात, आजीचं नाव घ्यायला निघाली, मी तोंडावर हात ठेवला तिच्या.

तर तेच. त्यानंतर भातकापणीच्या दिवसांत हे गेले, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. चष्म्याची काडी मोडली होती, कासाला जाऊन बसवून आणतो म्हणाले. मी दोरा बांधून देत होते तर म्हणाले, नको, दिसतं मला. रूपेशच्या जीपने गेले. रूपेश शपथेवर सांगतो, चारोटीला हायवेच्या नाक्यावर उतरले, रस्ता ओलांडला आणि पलीकडे, अहमदाबादच्या बाजूला, उभे राहिले. कासा तर इकडे, मग तिकडे कशाला? रूपेशने हाक मारली म्हणे. त्यांनी हात वर केला. ये म्हणून की जा म्हणून, त्याला कळलं नाही. मी त्याला दहा वेळा करून दाखवायला लावलं, मलाही कळलं नाही.

काय? हो, लोक बाहेर झोपतात, ठाऊक आहे मला. थंडीत, उघड्यावर, तान्ही पोरं घेऊन, गोणपाट पांघरून. मी आत झोपते. आता सगळं कळलंच आहे तर हेही ऐक. मी धक्क्याची वाट बघते, दशरथ. थू माझ्या जिभेवर! लोकांच्या भिंती फुटतायत, ठकीच्या आईची चूल कोसळली, ती ठकी माझ्यापुढे रडते, मी तिच्या पाठीवरून हात फिरवते आणि मनात म्हणते, आज दिवसभर हलली नाही जमीन, आज येतील. कुत्री भुंकायला लागली की लोक देवाचं नाव घेतात, मी पदर सारखा करते. बोल आता. वेड लागलं म्हण. तू तार बांधलीस आणि मला काय वाटलं माहीत आहे? ते आले आणि तू त्यांचे हात बांधलेस.

रडू नकोस रे. एवढा मोठा माणूस तू. ... बरं. बरं बाबा, येते. खरंच येते. कीर्तीने वरची खोली सारवून — नाही, फरशी आहे नाही का तुमच्याकडे — पुसून ठेवली असेल, भावजयीचं मन मोडायचं नाही मला. पिशवी भरलेलीच आहे, ती बघ, दोन लुगडी आणि खडूचा डबा. पोरांना तुमच्या मसोलीहून येऊन-जाऊन शिकवीन. भिंत पडली तर मला कोण उचलणार, हे मलाही कळतं. इतकी वर्षं तू एकच मागतोयस माझ्याकडे, एकदा म्हण ताई, म्हण की ते नाहीत, म्हणजे तुझी तू सुटशील. मराठीत नाही म्हणवत मला. जीभ वळत नाही. इंग्रजीत म्हणते, त्यांच्याच पद्धतीने, पोरं म्हणतात तशी उभी राहून. हसू नकोस हं. मग कुलूप लावू आणि जाऊ.

आय डोन्ट हॅव... थांब, नीट उभी राहते. आय डोन्ट हॅव अ हजबंड.

...झालं. बघ, म्हटलं. काही झालं नाही. उचल ती पि— कुत्री. ऐकलीस? दशरथ, इकडे ये, भिंतीपासून लांब — आला! आला रे, खालून आला — पळू नकोस, माझा हात धर, चौकटीत उभा राहा — पत्रा आहे तो, नुसता पत्रा वाजतोय — भांडी पडू देत — आई गं, केवढा — धर, धर — हां. हां. गेला. गेला बघ. थांबलं सगळं. माती पडतेय फक्त. कप आडवा झाला, असू दे. बघ, ते ताटसुद्धा फिरायचं थांबलं. टेम्पोवाला ओरडतोय बाहेर, मागे धावला वाटतं. लागलं नाही ना तुला? किती गप्प झालं एकदम, कुत्रीसुद्धा...

...

दशरथ.

तू पिळली होतीस ना तार? पक्कडीने?

बोलू नकोस. तोंड बघून कळलं मला, तूही ऐकलंस. नाही म्हणू नकोस, अजिबात नाही म्हणू नकोस. अजून एकदा वाजेल बघ, दम घेऊन, शेवटची —

हं.

सोड हात माझा. सोड म्हणते ना! पिशवी ठेव खाली. पोरं आली असतील परसात, त्यांना सांग, आज शिकवणी नाही. जा. तू मागच्या दाराने जा.