आमच्या मशिदीची गोधडी

(रिबकाबाई, मित्स्पे रामोन. १९६४ साली त्यांच्या घरी बसून ऐकलं, तसं उतरवलं.)

मी ठाण्याची. म्हणजे मूळ आम्ही अलिबागकडचे, आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवार आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, तेव्हा घाणा बंद, म्हणून गावातले लोक शनवार तेली म्हणायचे, पण माझा जन्म ठाण्याचा आणि आमच्या घरात तेलाचा नाय, खळीचा वास. बाबा दफ्तरी. मुंबईला छापखान्यात दिवसभर पुस्तकं बांधायची आणि रविवारी घरी परत तेच, फक्त हौसेखातर, शेजारपाजारची फाटकी पुस्तकं मागून आणायचे मेली, जशी काय कुणाची आजारी पोरं सांभाळायला आणलीत. आईला गोधड्यांचं वेड. एका कोपऱ्यात बाबांचे पुठ्ठे, दुसऱ्यात आईच्या चिंध्या, मधल्या जागेत आम्ही जेवायला बसायचो. सुई दोघांना एकच लागायची, बाबा ती हरवायचे आणि आई नवऱ्याला शोभेल असं काहीतरी बोलायची, ते काय मी इथं सांगत नाय. मला दोन्ही आलं. बाबांची जुजबंदी शिलाई, म्हणजे पानांच्या घड्या एकेक करून दोऱ्यानं एकमेकीत ओवायच्या ती, आणि आईचा धावदोरा. कुणी शिकवलं नाय, त्या मधल्या जागेत बसून बसून आलं.

आई ठाण्यालाच गेली. मग बासष्ट साली आम्ही इकडं इस्राएलला निघालो, मी, आमचे हे, दोन पोरं आणि बाबा. आम्हाला जायचं होतं किर्यात मलाखीला, तिथं माझी मावसबहीण, तर इथले सरकारी लोक बोलले, हो हो, तिथून जवळच आहे तुमचं गाव. जवळ! काय सांगू तुम्हाला, ट्रक चालतोय चालतोय, झाडं संपली, माणसं संपली, आणि जिथं उतरवलं तिथं पुढं खड्डा. खड्डा कसला, अख्खं ठाणं आत टाकाल तर वर हाक ऐकू यायची नाय. आमच्या ह्यांना त्या खड्ड्यातच काम मिळालं, खाणीत. घर मिळालं शिकूनमध्ये, शिकून म्हणजे सरकारी चाळ हो, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बोलले, काय शिकून? बाबा तेवढ्यावर हसले, आणि नंतर किती तरी महिने हसले नाय.

त्यांना इथं कामच नव्हतं ना. हात रिकामे. आणि नव्याचा सण आला, म्हणजे आमचं नवं वर्ष, इथं रोश हाशाना म्हणतात तो, तेव्हा आम्ही मोरोक्कोवाल्यांच्यात प्रार्थनेला गेलो, चांगली माणसं, जागा दिली, पण सूर त्यांचे वेगळे. बाबांना तेफिला, म्हणजे प्रार्थना, सगळी पाठ, तरी ह्या पानावरून त्या पानावर चाचपडत राहिले, शेवटी पुस्तक मिटून बसले. घरी येऊन बोलले, देव तोच असेल, पण मला त्याची हाक ओळखू आली नाय.

मग आमच्या इथल्या सगळ्या हिंदी घरांनी ठरवलं, आपली वेगळी जागा मागायची. बोलायला कोण जाणार, तर बाबा, वयानं मोठे. आता हे तुम्ही लिहून बाहेरचे लोक वाचणार म्हणून फोड करून सांगते. आम्ही बेने इस्राएल लोक आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीद म्हणतो. कोकणात आजूबाजूला मुसलमान, त्यांची ती मशीद, आमचीही मशीद, त्यात कुणाला काय वाटायचं नाय, ठाण्याच्या टांगेवाल्याला सांगा यहुद्यांची मशीद, तो बरोब्बर दारात सोडायचा. तर बाबा सरकारी आफिसात गेले आणि आपल्या मोडक्या हिब्रूत सांगितलं, आम्हा हिंदी लोकांना मशीद पाहिजे. आणि हिब्रूत मुसलमानांच्या मशिदीला म्हणतात मिसगाद. झालं! त्या पाकिदनं, पाकिद म्हणजे कारकून, त्यानं पेन खाली ठेवलंन, आतल्या दुसऱ्याला बोलावलंन, दोघांनी बाबांना वरपासून खाली पाहिलं आणि अगदी सावकाश, लहान पोराला विचारावं तसं विचारलं, आजोबा, तुम्ही यहुदी तर आहात ना?

बाबा घरी आले ते टोपी न काढता बसले. बोलले, रिबका, पाच पिढ्यांत शनिवारी चूल पेटवली नाय आम्ही, आणि ठाण्यात मला कुणी हा प्रश्न विचारला नाय, तो ऐकायला मी इथवर आलो. ह्या वर्षीचा नव्याचा सण माझ्या मशिदीत झाला तर ठीक, नायतर मी परत. कुणाकडं राहीन ते माझं मी बघेन. माझे बाबा एकदा बोलले की दुसऱ्यांदा बोलायचे नाय. आई तिकडं मातीत, बाबा तिकडं एकटे, आणि मी ह्या खड्ड्याच्या काठावर, कशी जगणार होते मी?

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचला आणि आफिसात. तो पाकिद रुमेनियाचा, जाडजूड, बघितलं की बोलायचा माखार, म्हणजे उद्या. सगळ्याला माखार. मला ते ऐकलं की आमच्या ठाण्याच्या शेजाऱ्यांचं गणपतीचं मखर डोळ्यांपुढं यायचं. मी बोलले, आज मखरबिखर नाय, आज ऐकायचं. आणि सांगितलं सगळं, मशीद म्हणजे आमचं बेत क्नेसेत, शब्द कोकणाचा, देव तुमचाच. तर मेला हसायला लागला, हसून हसून लाल. मी हसले नाय. बोलले, हसून झालं? आता खोली दे. तेव्हा जरा वरमला. रस्त्याच्या कामगारांची अवजारं ठेवायची एक जुनी खोली दाखवलीन, पण बोलला, चार भिंती म्हणजे बेत क्नेसेत नव्हे, पुस्तकं कुठं आहेत, पडदा कुठं आहे? सणापर्यंत करून दाखवा, नायतर तिथं पाण्याचे पाइप ठेवायचेत. आणि सेफेर तोरा, आमचा पवित्र ग्रंथ, ती बेर शेवा शहरातल्या आपल्या लोकांनी द्यायची कबूल केली, पण तेही तेच बोलले, उघड्या कपाटात आम्ही देणार नाय.

पुस्तकं आणायची कुठून? माझी शेजारीण सुलीका, मोरोक्कोची, जीभ माझ्याहून लांब, ती बोलली, आमच्याकडं गोणीभर पडलीत, पण मेलेली. देवाचं नाव असलेलं पुस्तक फाटलं तरी फेकत नाहीत ना, पुरतात, तसली पुरायला ठेवलेली. मी गोणी घरी ओढत आणली. बाबांनी बघितलं आणि भिंतीकडं तोंड केलं. बोलले, मेलेल्यांना मरू दे.

असं? म्हटलं, तुम्ही बसा. मी एकटी लागले. खळ भाताची केली, गव्हाची नाय, कारण पेसाखच्या सणात घरात गव्हाचा कण चालत नाय आणि ही पुस्तकं तेव्हाही हातात घ्यायची, आणि कीड लागू नये म्हणून त्यात लवंगेचं पाणी. पुठ्ठा संत्र्यांच्या खोक्यांचा. वरचं कापड आमच्या ह्यांच्या खाणीतल्या खाकी प्यांटींचं. दाबायला ठाण्याहून आणलेला पाटा, ह्यांनी तो आणताना किती कुरकुर केली होती, आता बोला! सुलीका आली, पुस्तकांवर दगड बघून बोलली, रिबका, तू ह्यांना पुरतेयस की जिवंत करतेयस?

पहिलं पुस्तक सुकलं. इतकं देखणं झालं, काय सांगू तुम्हाला, मी ते बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उघडलं. परत मिटलं. उलटं केलं. आणि असे ओरडले की शेजारची कोंबडी उडाली. अगो रिबके, हिब्रू पुस्तक उजवीकडून उघडतं! तू मराठी पोथी बांधलीस! खरंच हो, हाताला सवय मराठीची, पाठ डावीकडं घातली, वरचा पुठ्ठा खाली, पहिलं पान शेवटी. लोक मला अजून विचारतात, मुद्दाम केलंस ना बापाला उठवायला? शपथ, नाय. चुकलं. पण त्या चुकीनं माझा बाप उठला. सरक, बोलले, दाभण आण, आणि ही शिलाई आहे की गोणी शिवलीस? संध्याकाळपर्यंत मला शिव्या देत होते, आणि मी आत भाकऱ्या थापत थापत रडत होते, आनंदानं.

पुस्तकं बाबांची झाली, पडदा माझा. हेखालवर, म्हणजे सेफेर तोराच्या कपाटावर, मखमली पडदा असतो, भरतकामाचा. तो कुठून आणू? मी गोधडी शिवायला घेतली. आमच्या सगळ्या बायकांनी ट्रंका उघडल्या. मी माझ्या लग्नाच्या पांढऱ्या शालूचा पदर काढला, कुणी मेंदीच्या दिवशीचं हिरवं लुगडं, एकीनं गेलेल्या सासूच्या पातळाचा काठ. सुलीका आली आणि आपल्या कफ्तानाची जांभळी मखमली बाही कात्रीनं कापून दिलीन, बोलली, माझी बाही तुमच्या देवाला चालेल का ते विचारू नकोस, लाव. बाबा मात्र बिथरले. रिबका, नेसलेल्या लुगड्यांच्या चिंध्या हेखालवर? मी बोलले, बाबा, इथं रामोनची थंडी बघितलीत ना? सेफेर तोरालाही गारठा वाजतो. पटलं नव्हतं त्यांना, मला कळत होतं.

सणाच्या आदल्या दिवशी बेर शेवाहून सेफेर तोरा घेऊन माणूस आला, आपलाच हो, पुण्याचा, कोटबिट घालून. खोलीत पांढरा रंग, भिंतीशी खाकी पुस्तकांची रांग, आणि समोर माझी गोधडी, उन्हात अशी झळकत होती. तो बघत राहिला आणि बोलला काय, तर हे स्मर्तूत इथं कशाला? स्मर्तूत म्हणजे फडकं, लादी पुसायचं. माझं डोकं फिरलं, मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी बाबा पुढं झाले. बोलले, भाऊ, नीट बघा. हा शालू नेसून माझी मुलगी मांडवात उभी राहिली. हा काठ नेसून एका म्हातारीनं जन्मभर शब्बाथचा दिवा लावला. आणि ही बाही शेजारणीनं अंगावरची कापून दिलीय. एवढ्या मोलाची मखमल तुमच्या बेर शेवात असेल तर आणा, मी हा पडदा माझ्या हातानं उतरवतो. नसेल तर टोपी सावरा आणि आत ठेवा.

ठेवलीन त्यानं. पडदा सरकवताना ओठही टेकवलंन, मी बघितलं.

आणि दुसऱ्या दिवशी सण. शोफार वाजला, म्हणजे सणाचं मेंढ्याचं शिंग, आमचे सूर, आमच्या लोकांचे गळे, आम्ही बायका मागच्या बाकांवर, मी तर जाम रडले आणि सुलीका मला कोपरानं ढोसत होती. आम्ही जिंकलो हो! तो जाडा पाकिद दारात उभा होता, आत येऊ की नको करत. बाबांनी स्वतः त्याच्या हातात एक पुस्तक दिलं. त्यानं उजवीकडून उघडलंन, आणि वाकून बसला आमच्यातच.

आता चौसष्ट. पाइप बाहेर उन्हात पडलेत, पडोत. बाबांच्या टेबलावर गावभरची पुस्तकं, रुमेनियाची, मोरोक्कोची, आपली, आणि बाबा सगळ्यांवर खेकसतात. आम्ही बायका गोधड्या शिवतो, गरज आहे म्हणून नाय, सरकारनं कांबळी दिलीत, हौस म्हणून. पोरं मराठीत विचारलं की हिब्रूत उत्तर देतात, पण चिंध्या निवडायला बरी येतात.

परवा मी बाबांना सरळ विचारलं. मनात ठेवायची सवय नाय मला. बाबा, आपल्या मशिदीत सण दोनदा झाला, आता खरं सांगा, ठाण्याला जायचंय का? जायचं असेल तर मी अडवत नाय. त्यांनी दाभण खाली ठेवलं नाय, वरही बघितलं नाय. दहा पुरुष जमल्याशिवाय आमची तेफिला होत नाय, तुम्हाला ठाऊक आहे, बायका धरत नाहीत, पडदा आमचा चालतो. तर बाबा बोलले, वेडी का काय तू? मी गेलो तर शनिवारी नऊच उरतात.

बसा, चहा घेऊन जा. आणि लिहून ठेवा माझा आशीर्वाद, जिथं जाल तिथं तुम्हाला दहावा माणूस कधी कमी पडू नये.